कुत्र्यानं भलतंच काही गिळलं? उलटी काढायच्या आधी हे वाचा

अंबरनाथ एमआयडीसीत कुठल्याही कंपनीच्या गेटवर जा, वॉचमनच्या केबिनजवळ एक-दोन कुत्री पडलेली दिसणारच. कागदोपत्री कुणाचीच नसतात, पण नाव सगळ्यांना माहीत असतं. जेवणाची सुट्टी संपली की डब्यातलं उरलेलं त्यांच्या वाट्याला येतं. चपाती-भाजी पिशवीत असते आणि घाईत कुणी पिशवीची गाठ सोडत बसत नाही. कुत्र्याला वास येतो तो अन्नाचा, त्यामुळे पिशवीसकट सगळं पोटात जातं.

पिशवी हे एकच उदाहरण झालं. आनंदनगर असो की मोरिवली, कंपन्यांच्या मागच्या बाजूला कॉटन वेस्ट, रबरी वॉशर, नट-बोल्ट, पॅकिंगच्या प्लास्टिक पट्ट्या, जुने हातमोजे पडलेले असतात. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांबाहेर दोऱ्याचे गुंते आणि तुटक्या सुया असतात. बदलापूरपलीकडच्या गावांत मासे पकडायचा गळ, पतंगाचा मांजा, आंब्याची कोय. यातलं काहीही कुत्रा गिळू शकतो. तीन ते आठ महिन्यांच्या पिल्लाला तर दात येत असतात. त्याच्या तोंडात काय जाणार नाही, हेच सांगणं अवघड.

गिळलेली प्रत्येक वस्तू जीव घेत नाही. लहान, गुळगुळीत वस्तू बहुतेक वेळा शेणावाटे बाहेर पडते. जीव जातो तो दोन कारणांनी. एक, वस्तू अडकलीय हे दोन-तीन दिवस कळतच नाही. दुसरं, कळल्यावर घाबरून घरीच काहीतरी केलं जातं: मीठपाणी पाजणं, तेल ओतणं, तोंडातून लोंबणारा दोरा ओढणं. हे दुसरं कारण पूर्णपणे आपल्या हातातलं आहे.

आधी घड्याळ बघा

कुत्र्यानं काहीतरी गिळताना पाहिलंत, तर पहिल्यांदा वेळ लक्षात ठेवा. मोबाइलमध्ये लिहून ठेवलीत तर उत्तम. मग काय गिळलं आणि किती गिळलं ते शोधा. अर्धवट चावलेला तुकडा जमिनीवर असेल तर तो उचला. तसलीच दुसरी वस्तू घरात असेल, म्हणजे सेलचं पाकीट, सॉक्सचा दुसरा जोड, गोंदाची बाटली, तर ती सोबत घ्या. डॉक्टरांना या तुकड्याचा किती उपयोग होतो ते पुढे येईलच.

कुत्र्याला बांधून ठेवा. मोकळा सोडला तर उरलेलंही खाईल, किंवा कुठेतरी आडोशाला जाऊन बसेल आणि सापडायचा नाही. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत त्याला खायला घालू नका. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं.

यानंतर फोन. आधी फोन, मग उपाय. आपल्याकडे हे नेमकं उलटं होतं.

श्वासच अडकला असेल तर

ही एकच परिस्थिती अशी आहे जिथे डॉक्टरांची वाट बघता येत नाही. कुत्रा तोंड वासून धडपडतो, पंजाने तोंड ओरबाडतो, आवाज फुटत नाही, हिरड्या आणि जीभ निळसर पडायला लागते. चेंडू, रबरी वायसर, हाडाचा तुकडा घशात श्वासनलिकेवर बसलेला असतो.

पण कुत्रा जोरात खोकत असेल, आवाज काढत असेल, तर हवा थोडीफार जातेय. त्याला तसंच शांत ठेवून दवाखाना गाठा. त्याच्या घशात बोटं घालायला जाऊ नका.

हवा अजिबातच जात नसेल तर दोघं जण लागतात. एकाने जबडा उघडून धरायचा, दुसऱ्याने बघायचं. वस्तू समोर दिसत असेल आणि चिमट्यात किंवा बोटात नीट पकडता येत असेल तरच ओढा. दिसत नसताना चाचपडलं तर ती आणखी आत जाते. लहान कुत्रा असेल तर मागचे पाय धरून उलटा करा, डोकं खाली येऊ द्या. मोठा कुत्रा असेल तर त्याच्या मागे उभे राहा, दोन्ही हात पोटाखालून घेऊन बरगड्या संपतात तिथे मूठ ठेवा आणि वर-पुढच्या दिशेने चार-पाच झटके द्या. पुन्हा तोंड बघा. वस्तू निघाली तरी दवाखान्यात न्याच, कारण घसा आतून सुजलेला किंवा फाटलेला असू शकतो.

थांबा, हे पिसाळलेपण तर नाही?

इथे जरा सावकाश वाचा. हा भाग कुत्र्याच्या नाही, तुमच्या जिवाचा आहे.

तोंडातून लाळ गळतेय, खालचा जबडा लोंबतोय, पाणी पिता येत नाही, घशातून विचित्र आवाज येतोय. बघणारा पहिल्यांदा काय म्हणतो? "हाड अडकलं वाटतं." आणि हात घालतो. रेबीज झालेला कुत्रा दर वेळी चवताळून अंगावर येतोच असं नाही. रेबीजचा एक प्रकार असा आहे ज्यात जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात आणि कुत्रा गरीब होऊन कोपऱ्यात बसतो. तो अगदी काहीतरी अडकल्यासारखाच दिसतो. हाड काढायला म्हणून हात घातला की लाळ हाताच्या ओरखड्याला लागते, आणि रेबीजची लक्षणं एकदा माणसात दिसली की जवळजवळ कुणी वाचत नाही.

म्हणून नियम सोपा ठेवा. ज्या कुत्र्याचं लसीकरण तुम्हाला माहीत नाही आणि ज्याला गिळताना तुम्ही स्वतः पाहिलेलं नाही, त्याच्या तोंडात हात घालायचा नाही. वागणं बदललंय का, चालताना तोल जातोय का, आवाज घोगरा झालाय का, मधल्या काळात दुसरं कुत्रं चावलं होतं का, हे आजूबाजूला विचारा. शंका असेल तर त्याला एका खोलीत किंवा गेटच्या आत बंद करा आणि पशुवैद्यकांना कळवा.

हात आधीच गेला असेल, दात लागला असेल किंवा लाळ जखमेवर पडली असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. अंबरनाथला डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आहे, उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहे. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते कुठे मिळेल हे तिथेच विचारा. लसीचे सगळे डोस पूर्ण करा. दोन घेतले, बरं वाटतंय म्हणून पुढचे सोडले, असं अनेक जण करतात.

मीठपाणी नको, तेल नको, ताकही नको

गावात कुत्र्यानं काही खाल्लं की पहिला उपाय ठरलेला: मिठाचं पाणी पाजा, उलटी होईल. उलटी कधी होते, कधी होत नाही. पण मीठ मात्र रक्तात जातं. जास्त मीठ गेलं तर कुत्र्याला झटके येतात, मेंदूला सूज येते. गिळलेल्या वस्तूने वाचला असता तो मिठाने जातो.

तेल पाजण्यामागे कल्पना अशी की वस्तू घसरून बाहेर येईल. पण जबरदस्तीने ओतलेलं तेल ठसका लागून फुप्फुसात जातं आणि तिथे न्यूमोनिया होतो. एरंडेल किंवा जुलाबाचं औषधही नको. पुढे रस्ता बंद असताना मागून जोर लावला तर आतडं फाटायची वेळ येते.

मेडिकलमधून आणलेली गोळी हा आणखी एक घोटाळा. उलटी थांबवायची गोळी दिली की उलटी थांबते, अडकलेली वस्तू तिथेच राहते आणि आपल्याला वाटतं कुत्रा सुधारला. पोटात दुखतंय म्हणून माणसांचं डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड आणि यकृताला इजा होते. (डायक्लोफेनॅक तर २००६ पासून जनावरांसाठी वापरायला आपल्या देशात बंदीच आहे. ती झाली गिधाडांमुळे, पण कुत्र्यालाही ते औषध सोसत नाही.)

मग उलटी कधीच काढायची नाही का? काढतात, पण डॉक्टर काढतात. गिळून साधारण दोन तासांच्या आत असेल, वस्तू अजून जठरात असेल, मऊ आणि बिनधारेची असेल, कुत्रा शुद्धीवर असेल, तर इंजेक्शन देऊन उलटी करवता येते. सॉक्स, कापडाचा तुकडा अशा वेळी कापाकापीशिवाय निघतो. पहिल्या दोन तासांचं महत्त्व ते हे. घरी नुसखे करण्यात तेच दोन तास गेले की सोपा मार्ग बंद होतो.

गुरं पाळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. गाईच्या पोटात तार, खिळा जातो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी गाईला लोहचुंबक गिळवतात. तो दुसऱ्या कप्प्यात बसून लोखंड धरून ठेवतो. हा उपाय कुत्र्याला चालत नाही. कुत्र्याचं पोट एकाच कप्प्याचं. त्याच्या पोटात दोन चुंबक, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी तुकडा गेला, तर आतड्याच्या दोन घड्या मधे चिमटून एकमेकींना चिकटतात आणि तिथे भोक पडतं. भंगारातल्या स्पीकरचे चुंबक पिल्लांपासून लांब ठेवा.

कशाला किती घाबरायचं

सगळ्यात आधी सेल. घड्याळाचा, रिमोटचा, खेळण्यातला चपटा बटण सेल गिळला असेल तर एक मिनिटही थांबू नका. अन्ननलिकेत अडकलेला असा सेल ओल्या मांसाला टेकला की वीज वाहते आणि तिथलं मांस भाजायला लागतं. अर्ध्या तासात इजा सुरू होते, दोनेक तासांत नळीला भोक पडू शकतं. पेन्सिल सेल चावून फोडला असेल तर आतलं रसायन तोंड आणि घसा भाजतं. यात उलटी अजिबात काढायची नाही, कारण वर येताना ते पुन्हा भाजतं.

दुसरा नंबर दोऱ्याचा, आणि तो लोकांना खरा वाटत नाही. दोरा मऊ असतो, तो काय करणार? उल्हासनगरच्या जीन्सच्या गाळ्यातला जाड दोरा, मांजा, लोकरीचा धागा, साडीची फाटकी किनार, पॅकिंगची लांब पट्टी यांचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकतं आणि बाकीचा भाग पुढे आतड्यात जातो. आतडं त्याला पुढे ढकलायचा प्रयत्न करतं, पण टोक अडकलेलं असल्याने आतडंच दोऱ्यावर गोळा होतं, नाडीवर परकरची चुन्नट व्हावी तसं. मग दोरा करवतीसारखा आतड्याला कापतो. दोऱ्याला सुई असेल तर बोलायलाच नको.

तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. फार लांब असेल आणि कुत्रा त्यावर पाय देत असेल तर वीतभर ठेवून बाकीचा कात्रीने कापा आणि दवाखाना गाठा. मासेमारीच्या गळाचंही तसंच. दोरीला धरून ओढलं की गळ आणखी रुततो.

तिसऱ्या नंबरला धारदार आणि टोकदार वस्तू: सुई, खिळा, ब्लेड, काचेचा तुकडा, लेथवरून निघणारे लोखंडाचे धारदार गुंडाळे, आणि चायनीजच्या गाडीवरच्या बांबूच्या काड्या. या काडीला लोक हलक्यात घेतात. मांसाचा वास असल्याने कुत्रा ती अख्खी गिळतो. ती एक्स-रेत दिसत नाही आणि जठरातून आरपार जाऊ शकते. इथेही उलटी नको. जाताना जे वाचलं ते येताना फाटेल.

कारखान्यांच्या आणि फर्निचरच्या परिसरात आणखी एक गोष्ट असते, फुगणारा गोंद आणि फटी भरायचा फोम. त्यातले पॉलियुरेथेन प्रकारचे गोंद पोटातल्या ओलाव्याने फुगतात आणि दगडासारखा गोळा तयार होतो. जठराच्या आकाराचा गोळा, जो फक्त ऑपरेशननेच निघतो. कुत्र्यांना या गोंदाची चव आवडते असं दिसतं, डबा चाटून साफ करतात. बाटलीवरचं लेबल डॉक्टरांना दाखवा आणि उलटी काढू नका.

जस्ताचा मुलामा असलेले नट-वॉशर वेगळ्या तऱ्हेने मारतात. ते अडकले नाहीत तरी जठरातल्या आम्लाने जस्त विरघळतं आणि रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागतात. हिरड्या पांढऱ्या पडतात, मग डोळे पिवळे दिसतात, लघवी लाल-तपकिरी होते. घरचे काविळीचं औषध शोधत फिरतात आणि वॉशर पोटातच असतो.

आता घरगुती वस्तू. मे-जूनमध्ये आंब्याची कोय ही कुत्र्याचं आतडं बंद करणारी नेहमीची वस्तू आहे. निसरडी असल्याने सहज गिळली जाते आणि आतड्याच्या अरुंद जागी बूच बसावं तशी बसते. पावसाळ्यात कोंडेश्वर आणि बारवीच्या बाजूला पर्यटक भाजलेली कणसं खाऊन टाकतात, ती दाणे खाल्लेली कणसं तसंच करतात. कुत्र्याला ती पचत नाहीत, आठवडे-आठवडे पोटात राहतात. बदलापूरच्या जांभळाच्या बिया मात्र एक-दोन गेल्या तर निघून जातात, त्यासाठी धावपळ नको. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांच्या फटी होतात, त्या टोचतात. मटणाच्या नळीचं गोल हाड खालच्या जबड्यात कड्यासारखं अडकतं. ते दिसायला भयंकर, पण डॉक्टर भूल देऊन पाच मिनिटांत कापून काढतात.

काहीच पाहिलं नसेल तर

बहुतेक वेळा असंच होतं. कुत्रा रात्रभर बाहेर असतो, सकाळी खात नाही. मग ओळखायचं कसं?

उलट्या हे पहिलं लक्षण. कुत्रा एकदा ओकला तर घाबरायचं कारण नाही, कुत्री गवत खाऊनही ओकतात. पण खाल्लेलं दर वेळी बाहेर येत असेल, पाणी प्यायलं तरी उलटत असेल, तर रस्ता बंद झाल्याची शक्यता मोठी. जोडीला खाणं बंद, लाळ, शी न होणं किंवा जोर करून चिकट थेंबभरच होणं. पोटाला हात लावला की गुरगुरणं किंवा अंग चोरणं. काही कुत्री पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकवतात आणि मागचा भाग उंच धरून उभी राहतात, जणू नमस्कार घालतायत. लोकांना गंमत वाटते, व्हिडिओ काढतात. ते पोटदुखीचं लक्षण आहे.

फसवणारी गोष्ट ही की वस्तू जठरातच असेल तर कुत्रा कितीतरी दिवस बरा दिसतो. एक दिवस ओकतो, दोन दिवस जेवतो, पुन्हा ओकतो, हळूहळू वाळतो. जंताचं औषध दिलं जातं, फरक पडत नाही. मग एखाद दिवशी ती वस्तू आतड्यात सरकते आणि एकदम गंभीर होतो.

पोट फुगून टणक झालं, हिरड्या पांढऱ्या किंवा विटकरी झाल्या, उलटीत रक्त आलं किंवा कुत्रा उठेनासा झाला, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही.

न्यायचं कुठे

इथे आपल्या तालुक्यांची खरी अडचण आहे. गावातला पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गुरांसाठी. डॉक्टर कुत्र्याला तपासतात, सलाइन लावतात, सल्ला देतात, पण एक्स-रेचं मशीन तिथे असेलच असं नाही, आणि रात्री तर दवाखाना बंदच. राज्याच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. ती सेवाही गुरांसाठीच उभी केलेली, तरी फोन करून विचारायला हरकत नाही. किमान जवळचा डॉक्टर कोण ते कळेल.

एक्स-रे आणि ऑपरेशनची सोय असलेले खासगी दवाखाने बदलापूर, अंबरनाथ, कल्याण, डोंबिवलीच्या शहरी भागात आहेत. निघण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: एक्स-रे आहे का, भूल देऊन ऑपरेशन करणारे डॉक्टर आत्ता आहेत का, आणि साधारण खर्च किती. खर्च विचारायला लाजू नका. तिथे पोहोचून "इथे होत नाही, पुढे जा" ऐकण्यात एक तास जातो, तो या फोनने वाचतो.

मोठं काम असेल तर मुंबई. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटीट प्राणी रुग्णालय. कुत्र्यांवरच्या उपचारांचा तिथला अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे आणि खर्च खासगीपेक्षा कमी येतो. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालयही सुरू झालंय. अंबरनाथहून परळ पन्नासेक किलोमीटर, आणि मधल्या ट्रॅफिकचं काही सांगता येत नाही. म्हणून आधी जवळच्या डॉक्टरांकडून सलाइन लावून घ्या, कुत्र्याचं शरीर प्रवास झेलेल एवढं करून घ्या, आणि मग निघा.

गेटवरच्या कुत्र्याचं काय? त्याला न्यायला कुणाची परवानगी लागत नाही. अडतं ते पैशावर आणि सुट्टीवर. पाच-सहा जणांनी वर्गणी काढली आणि एकाने पाळी बदलून घेतली तर होतं. नेताना तोंडाला कापडी पट्टी बांधायची पद्धत आहे, पण उलट्या करणाऱ्या किंवा धाप लागलेल्या कुत्र्याचं तोंड बांधू नका, उलटी श्वासनलिकेत जाते. जाड गोणपाटात गुंडाळून टेम्पोत ठेवा.

डॉक्टर काय करतील

पोट हाताने चाचपतील, जीभ उचलून खाली दोरा अडकलाय का बघतील, मग एक्स-रे काढतील. लोखंड, दगड, हाड एक्स-रेत स्वच्छ दिसतं. प्लास्टिक, कापड, रबर, लाकूड, कोय सहसा तितकी स्पष्ट दिसत नाही. तिथे डॉक्टर आतड्यात साठलेल्या हवेवरून अंदाज बांधतात, किंवा सोनोग्राफी करतात. सुरुवातीला सांगितलेला तो सोबतचा तुकडा इथे कामाला येतो. एक्स-रे कोरा आला आणि तुम्ही खिशातून अर्धी चावलेली रबरी चप्पल काढून दाखवली, तर डॉक्टर "बघू दोन दिवस" म्हणणार नाहीत.

वस्तू जठरात असेल आणि दुर्बिणीची सोय असेल तर बिनटाक्याची निघते. नाहीतर ऑपरेशन. जठर उघडून वस्तू काढणं त्यातल्या त्यात सोपं. आतडं उघडावं लागलं तर जोखीम वाढते, आणि आतड्याचा तुकडा काळा पडला असेल तर तो कापून दोन टोकं जोडावी लागतात. म्हणजे पहिल्या दिवशी नेलेला कुत्रा आणि चौथ्या दिवशी नेलेला कुत्रा यांचं ऑपरेशन एकच नसतं, आणि बिलही एकच नसतं.

ऑपरेशननंतरचे पहिले चार-पाच दिवस नाजूक. आतड्याचा टाका सुटला तर याच काळात सुटतो. कुत्रा पुन्हा ओकायला लागला, अंग तापलं, खाणं टाकलं, तर लगेच परत न्या. खायला डॉक्टर सांगतील तेच, थोडं थोडं, बहुधा मऊ भात आणि बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर गळ्यातली ती शंकूसारखी प्लास्टिकची कॉलर काढायची नाही, कितीही केविलवाणं तोंड केलं तरी.

"घरी ठेवून बघा" असं सांगितलं तर

वस्तू लहान आणि गुळगुळीत असेल तर डॉक्टर हेच सांगतील. मग दोन-तीन दिवस प्रत्येक शी काडीने फोडून बघायची. कामगार माणसाला हे किळसवाणं वाटतं, पण दुसरा मार्ग नाही. कुत्रा मोकळा फिरत असेल तर वस्तू निघाली की नाही कसं कळणार? म्हणून या दिवसांत दोरीवरच ठेवा. वस्तू मिळाली की फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. न मिळता तीन दिवस गेले, किंवा मधेच वर सांगितलेली लक्षणं दिसली, तर पुन्हा एक्स-रे.

एखादा कुत्रा पुन्हा पुन्हा माती, कापड, प्लास्टिक खात असेल तर त्याची कारणं शोधावी लागतात: पोटातले जंत, रक्त कमी असणं, नुसती भूक किंवा दिवसभर बांधून ठेवल्याचा कंटाळा. मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यायची पद्धत आहे, पिल्लांना त्याहून वारंवार. वजन करून डॉक्टरांकडूनच डोस घ्या.

फेब्रुवारी २०२२ मध्ये बदलापूरजवळ एका बिबट्याचं डोकं प्लास्टिकच्या पाण्याच्या कॅनमध्ये अडकलं होतं, तो व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. वन विभाग आणि राष्ट्रीय उद्यानाच्या पथकांनी सुमारे दोन दिवस शोध घेऊन त्याला पकडलं आणि कॅन काढला. तो कॅन जंगलात आपणच टाकलेला होता. कुत्र्यांसाठी असा शोध कुणी घेत नाही. तेव्हा उद्या डबा झटकताना पिशवीची गाठ सोडून चपाती जमिनीवर टाका आणि रिकामी पिशवी खिशात घालून न्या.